सात गाड्या बदलून

४ जानेवारी, सकाळी ६.४०

ठकू,

वरती आशीर्वाद लिहिणार होतो, पण सहा वर्षं न बोललेल्या बापाचा आशीर्वाद तू ठेवून घेशील की परत पाठवशील, काही कळेना. म्हणून सरळ कामाचं लिहितो. मी तुझ्याकडे यायचं ठरवलंय. एप्रिलच्या सुरुवातीला, तुमच्याकडचा पाऊस लागायच्या आत. विमान माझ्या पेन्शनीला झेपणारं नाही. तेव्हा बोटीने, आणि बेटावर उतरल्यावर बसने, पाठीवर सॅक टाकून, स्वस्तातल्या मुक्कामांवर झोपत.

हस खुशाल. तुझी आत्याही हसली. म्हणाली, "दादा, तुझ्या वयाची माणसं पाठीला मलम लावतात, सॅक नाही." तुझा पत्ता तिनेच दिला, तोही महिनाभर पाठीमागे लागल्यावर, आणि एका अटीवर. फोन करायचा नाही, फक्त पत्र. "पत्र असलं तर तिला फाडता तरी येईल," असं तिचं म्हणणं. मला अट मान्य आहे. तू तिथे बर्फाच्या कारखान्यात मशीन चालवतेस हेही तिच्याकडूनच कळलं. एवढ्या उकाड्यात जाऊन बर्फ पाडायचा, हे फक्त तुलाच सुचू शकतं.

चौतीस वर्षं मी स्टँडवर कंट्रोलर म्हणून लोकांच्या गाड्या सोडल्या. स्वतः कुठे गेलो नाही. तुझी आई म्हणायची, आपण एकदा तरी कुठेतरी जाऊ, आणि मी म्हणायचो, रजेचं बघू. असो.

दवाखान्याच्या व्हरांड्यात तू मला जे बोललीस ते मी मनात धरलेलं नाही. तू फोन केलास तेव्हा मी माईकवर होतो, आणि आमच्या शिपायाने, मामाने, तुझ्या निरोपाची चिठ्ठी मला सव्वासहाला दिली. तेव्हाही हेच सांगितलं होतं. आता तो विषय नको.

उत्तर पाठवलंस तर बरं वाटेल. नाही पाठवलंस तरी मी येणार आहे.

बाबा


१९ जानेवारी, सकाळी ७.०५

ठकू,

उत्तराची वाट न बघता लिहितोय, कारण बेतात एक मोठी गडबड निघाली.

माझी समजूत अशी की बेट म्हणजे बेट. सकाळी एका टोकाला उतरायचं, दुपारी जेवायला दुसऱ्या टोकाला. आत्यानेही दुजोरा दिला, "चारी बाजूंनी पाणी, मग किती मोठं असणार!" समोरच्या खोलीत एक मुलगी राहायला आलीये, प्रयोगशाळेत काम करते आणि सुट्टी मिळाली की सॅक उचलून पसार होते. तिचं नाव मी सॅकवाली ठेवलंय. ती तुमच्या बेटावर तीन आठवडे फिरून आलेली आहे. तिने माझ्या टेबलावर नकाशा उलगडला, तर तो टेबलाच्या दोन्ही कडांवरून खाली लोंबायला लागला.

"काका, हे बेट नाही, पसारा आहे," ती म्हणाली.

बंदर उत्तरेला, तू दक्षिणेच्या टोकाला. मधोमध डोंगर, आणि त्या डोंगरातून सरळ रस्ताच नाही. पश्चिमेला जायचं, किनाऱ्याने खाली यायचं, पुन्हा आत शिरायचं, पुन्हा बाहेर. हातपाय ताणून झोपलेल्या माणसाला वळसा घालून पलीकडे जावं तसं आहे ते. सरळ मोजलं तर तू बंदरापासून तितकीशी लांब नाहीस. रस्त्याने मात्र भलतीच लांब आहेस.

पण मी कंट्रोलर आहे, घाबरलो नाही. सॅकवालीच्या जुन्या वहीत प्रत्येक गावातून सुटणाऱ्या गाड्या लिहिलेल्या होत्या. त्यावरून मी तीन दिवस बसून तक्ता तयार केला. एकूण सात गाड्या. बंदरातून पहाटेची धरायची. प्रत्येक ठिकाणी बदलायला दहा मिनिटं, एका ठिकाणी बारा, कारण तिथे फलाट लांब असेल असं मी धरलंय. दुसऱ्या दिवशी दुपारी ४.२० ला तुझ्या गावच्या फाट्यावर. एका रात्रीचा मुक्काम, तोही आठ खाटांच्या खोलीत. वरची खाट स्वस्त असते, पण शिडी चढावी लागते. माझ्या उजव्या गुडघ्याचं आणि शिडीचं जमत नाही, तेव्हा खालची मागेन.

तक्त्याची प्रत सोबत जोडतोय. चूक दिसली तर कळव.

बाबा


३ फेब्रुवारी, सकाळी ६.५०

ठकू,

तुझं कार्ड मिळालं. "येऊ नका. इथल्या गाड्या वेळेवर नसतात."

पहिलं वाक्य वाचलं. दुसऱ्याबद्दल बोलू.

वेळेवर नसतात म्हणजे नक्की किती उशिरा? हे मी सॅकवालीला विचारलं, तर ती आधी माझ्या तक्त्याकडे बघत राहिली आणि मग तिला हसू आवरेना. वहीत तिने जे आकडे लिहिले होते ते म्हणे सुटायच्या वेळा नव्हत्याच. ती स्टँडवर किती वाजता जाऊन बसली, ते तिने लिहिलं होतं. "तिथे गाडी भरली की सुटते, काका. कधी तासात भरते, कधी दुपार होते." मी विचारलं, मग कंट्रोलर काय करतो? ती म्हणाली, कंट्रोलरच नाही. ड्रायव्हर झाडाखाली चहा पीत असतो.

खोटं कशाला सांगू, मला हे पटलंच नाही. गाडी भरली की सोडायची, ही काय पद्धत झाली? ज्याला वेळेवर पोचायचंय त्याने काय करायचं? आत्याला फोनवर हे सगळं तावातावाने सांगितलं. ती म्हणाली, "दादा, तू तिथे भेटायला चाललायस की तपासणीला?"

तो तक्ता मी फाडला. तीन दिवसांची मेहनत होती, जिवावर आलं, पण फाडला. आता नवा बेत असा: सात गाड्यांना पाच दिवस. जिथे अंधार पडेल तिथे मुक्काम. वेळ कुठेच लिहिलेली नाही. पाट्याच नसलेल्या स्टँडसारखा कोरा कागद दिसतो तो. रोज सकाळी बघतो, पेन्सिल उचलतो आणि परत ठेवतो.

बाकी तयारी जोरात आहे. सॅकवालीच्या हुकमाप्रमाणे एकूण ओझं सात किलो, एक ग्रॅम जास्त नाही. दोन शर्ट, एक पँट अंगावर, एक आत, पातळ टॉवेल, पाणी गाळायची बाटली. कपड्यांच्या घड्या घालायच्या नाहीत, वळकट्या करायच्या. सॅक तिने तिची जुनी दिली. सरावाला तिच्यात खात्याची जुनी वेळापत्रकं भरतो आणि रोज सकाळी चार मजले दहा वेळा चढतो-उतरतो. खालचे लोक विचारतात, काका, घर बदलताय का? गुडघ्याबद्दल डॉक्टरांना विचारलेलं नाही. विचारलं तर ते सांगतील.

बोटीवर सगळ्यात स्वस्त तिकीट डेकचं. खाट नाही, चटई टाकून पडायचं. म्हणून दुपारी गच्चीवर नुसत्या फरशीवर पडून बघितलं. उठताना जरा वेळ लागला, पण उठलो.

तू नको म्हणालीस तरी मी का येतोय असं तुला वाटत असेल. मलाही ते नीट लिहिता येत नाही. समोर आलो की सांगेन.

बाबा


२६ फेब्रुवारी, सकाळी ७.३०

ठकू,

तिकीट काढलं. सहा एप्रिलची बोट, आठला बंदरात. मच्छरदाणी घ्यायची की नाही यावर सॅकवालीचं आणि माझं दोन दिवस वाजलं, शेवटी घेतली. तिचं वजन चारशे ग्रॅम, म्हणून चपला काढून टाकल्या. आता बूट एके बूट.

तुझं दुसरं कार्ड आलं. एकच ओळ. "चिठ्ठी किती वाजता मिळाली?"

याचं उत्तर माझ्या पहिल्या पत्रात आहे. पुन्हा बघ.

बुटांनी टाच सोलवटली आहे, पण होईल बरी.

बाबा


२ मार्च, सकाळी ५.१०

ठकू,

मागचं पत्र पेटीत टाकलं आणि घरी येईपर्यंत माझी मलाच किळस आली. तेव्हापासून अन्न गोड लागत नाही. आत्या येऊन डबा ठेवून गेली, तसाच आहे.

चिठ्ठी मला पाच चाळीसला मिळाली.

मामाने ती धावत आणून माझ्या हातात दिली. "आईच्या छातीत दुखतंय, जीप घेऊन लगेच या." खात्याची जीप मागेच उभी होती. किल्ली माझ्या खणात होती. घर दहा मिनिटांवर. मी चिठ्ठी वाचली, घडी घातली, खिशात ठेवली आणि माईकवर पुढची गाडी पुकारली. आवाज जराही हलला नाही माझा. तेव्हा त्याचंसुद्धा मला कुठेतरी कौतुक वाटलं होतं. आता तो आवाज आठवला की कान झाकून घ्यावेसे वाटतात.

का, असं तू विचारशील. मी स्वतःला सहा वर्षं विचारतोय. तिला पित्ताने नेहमी दुखायचं, तसंच असेल असं वाटलं, हे खरं आहे. संध्याकाळची गर्दी होती, माझ्या जागी बसायला कुणी नव्हतं, हेही खरं आहे. पण या दोन्हींच्या मागे जे होतं ते सांगतो. अकरा वर्षं माझ्या पाळीत एकही गाडी उशिरा सुटली नव्हती. सगळ्या विभागात असा मी एकटा. म्हटलं, तीन सोडतो आणि निघतो. पावणेसहाची सोडली. सहाची सोडली. सव्वासहाची सोडली. मी जीप घेऊन घरी आलो तेव्हा तुम्ही शेजाऱ्यांच्या टेंपोतून पुढे गेला होतात. दवाखान्यात पोचलो तोवर सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणायला हवं होतं. आणि तू माझ्याकडे वळलीस.

मी मामाचं नाव घेतलं. ठरवून नाही, तोंडातून निघून गेलं. पण दुसऱ्या दिवशी मागे घेता आलं असतं, तिसऱ्या दिवशी घेता आलं असतं. मी घेतलं नाही. साहेबांच्या कानावर गेलं, मामाला मेमो मिळाला, वर्षाची पगारवाढ अडली. मी त्याच्या शेजारच्या टेबलावर बसून हे सगळं बघितलं.

हे तुला तोंडावर सांगायचं होतं. बोट, सॅक, जिने, सगळा खटाटोप त्यासाठीच होता. वाटलं, इतक्या लांबून, इतके हाल काढून आलेल्या माणसाला तू दारातून तरी हाकलणार नाहीस. पण ही पण एक लबाडीच झाली. तू दार उघडायच्या आधी तुला माहीत असायला हवं की दारात कोण उभं आहे.

आता तूच ठरव. मी माझी तयारी चालू ठेवतोय.

बाबा


९ मार्च, सकाळी ८.१५

ठकू,

मामाकडे जाऊन आलो. बेटावर जायच्या आधी हे करायचं असं मी यादीत सगळ्यात वर लिहिलं होतं. निवृत्त झाल्यापासून तो सुनेच्या दुकानात बसतो, छत्र्या आणि पिशव्या दुरुस्त करतो. मला बघून उठला नाही. बरोबरच आहे. मी उभ्यानेच सगळं सांगितलं.

तो हातातली छत्री दुरुस्त करत राहिला. मग म्हणाला, "साहेब, तुमची मुलगी आली होती की माझ्याकडे. बाई गेल्यावर आठव्या दिवशी. नुसती भांडायला आली होती. चिठ्ठी खिशात घालून कुठे फिरत होतात, म्हणाली. मी सांगितलं, पोरी, पाच चाळीसला हातात दिली, आणि त्यांनी माझ्यासमोर वाचली."

मला बसायला काही मिळेना. तिथल्याच एका खोक्यावर बसलो. विचारलं, मग तुम्ही मेमोला उत्तर का नाही दिलंत?

"तुमचं माणूस गेलं होतं. त्या दिवसांत तुमच्याकडे कोण बोट दाखवणार? नंतर मात्र राग आला. चांगला तीन वर्षं होता. तुमच्या गल्लीतून जात नव्हतो."

"आता?"

"आता छत्र्या आहेत," मामा म्हणाला. माफ केलं असं तो म्हणाला नाही, आणि मीही मागितलं नाही. तिथून तसाच खात्यात गेलो आणि सगळं लेखी दिलं, खाली सही करून. नवे साहेब तरुण आहेत. त्यांना ना मामा माहीत, ना मी. कागद दोनदा वाचून म्हणाले, बघतो. मी दर सोमवारी जाऊन विचारणार आहे, निघेपर्यंत.

म्हणजे तुला माहीत होतं. तू घर सोडलंस तेव्हाही माहीत होतं. मी समजत होतो की तू आईपायी गेलीस. तू माझ्या खोटेपणापायी गेलीस, आणि मी बोलेन याची सहा वर्षं वाट बघत बसलीस. आणि शेवटी कार्डावर विचारलंस, तर मी तुला पहिलं पत्र पुन्हा बघायला सांगितलं! लाज वाटते, ठकू.

तिकीट रद्द केलेलं नाही. सहा तारखेला निघतोय. तुला भेटायचं नसेल तर मी तुझ्या गावात उतरेन, तुझा कारखाना लांबून बघेन आणि आल्या रस्त्याने परत फिरेन. त्याचंही मला वाईट वाटणार नाही. खोटं, वाटेल. पण येईन.

बाबा


२० मार्च

बाबा,

तुम्हाला लिहायला बसले की दोन ओळींत हात थांबायचा, म्हणून कार्डं पाठवत होते. आज मोठा पंप दुरुस्तीला उघडलाय, मशीन बंद आहे, दोन तास हातात आहेत. तुमची शेवटची दोन्ही पत्रं समोर आहेत.

आधी तुमचा बेत. तो अजूनही चुकलाय. तिसरी गाडी जिथून धरणार आहात तिथून फक्त बाजाराच्या दिवशी गाडी असते. तिथे स्टँडवर बसून राहू नका. मासळी बाजारात जा आणि आमच्या कारखान्याचा ट्रक विचारा. ड्रायव्हर टक्कल पडलेला आहे, फार बोलतो. त्याला मी सांगून ठेवलंय, तो तुम्हाला डोंगराच्या अलीकडे सोडेल. म्हणजे सातच्या पाच गाड्या होतील. मच्छरदाणी ठेवून द्या, मुक्कामांवर असतात. चपला घ्या. इकडे सारखं गाडीतून चिखलात उतरावं लागतं, बूट दुसऱ्या दिवशी कुजतील. गुडघ्याचं आत्याने कळवलंय. डॉक्टरांना विचारा. ते सांगतील ते ऐका.

आता दुसरं. मामाने मला सांगितलं तेव्हा मी ठरवलं होतं की तुम्ही स्वतःहून खरं बोललात तरच तुमचं तोंड बघीन. वाटायचं, तुम्ही एकदा कबूल केलंत की मी मोकळी होईन. तुमचं पत्र आलं, चार वेळा वाचलं, आणि मोकळं काही वाटलं नाही. उलट दोन दिवस कामात चुका करत राहिले. तेव्हा मला नाइलाजाने कबूल करावं लागलं की अडलंय ते तुमच्याकडे नाही.

आईला पाच वाजता दुखायला लागलं होतं. पाच चाळीसला नाही. ती म्हणाली, आत्ता यांची गर्दीची वेळ आहे, फोन करू नकोस, थांबेल. आणि मी थांबले. तिची पाठ चोळत बसले. शेजाऱ्यांचा टेंपो दारात उभा होता, खिडकीतून दिसत होता मला. पण म्हटलं, बघू थोडा वेळ. तिचे ओठ पांढरे पडले तेव्हा मी फोन केला. डॉक्टर अर्धा तास म्हणाले ना, तेव्हा मी तिथल्या तिथे मनात हिशेब केला, आणि तो हिशेब पुरा व्हायच्या आत तुमच्यावर ओरडले. तुम्ही मामाचं नाव घेतलंत. मी तुमचं घेतलं.

हे मी आत्यालासुद्धा सांगितलेलं नाही. मामाकडे भांडायला गेले तेही त्यासाठीच, कुणीतरी तिसरा सापडावा म्हणून. तो सापडला नाही, तुम्ही सापडलात, आणि मग मला फार सोपं झालं. सहा वर्षं सोपं होतं.

यामुळे तुमची पस्तीस मिनिटं माफ होत नाहीत. माझी चाळीस पण होत नाहीत. तुम्ही खोटं बोललात याचा राग अजून आहे, तो तुम्ही आल्यावर निघेल, तयारीने या. पण माझ्याशिवाय त्या संध्याकाळबद्दल बोलू शकेल असं माणूस जगात एकच उरलंय.

आठला उतरलात तर तेराच्या आसपास फाट्यावर याल. गाडी किती वाजता येईल ते इथे कुणालाच सांगता येत नाही. मी तेरा तारखेला सकाळपासून तिथे उभी राहीन. त्या दिवशी नाही आलात, तर चौदाला.

ठकू